मोगऱ्याला ताण

आमची बाग म्हणजे शिरूरच्या घरामागची दहा बाय पंधराची जागा. आखणी मीच केली, एका रविवारी पाठकोऱ्या कागदावर. मोरीचं पाणी जाईल तिथं अळू, भिंतीच्या सावलीत पुदिना, मधे चालायला उरलेल्या फरश्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मोगरा. बाकीचं सगळं हौसेचं. मोगरा मात्र आईचा. ती गेल्यावर दौंडचं घर विकलं, तेव्हा तिथून मी एवढी एकच फांदी आणली होती. ती फुलावी, बस, दुसरं काही मागणं नव्हतं.

दोन उन्हाळे गेले. पानं हिरवीगार, पण कळी एक नाही.

पाणी मी त्याला कधी कमी पडू दिलं नव्हतं. कोरेगाव भीमाजवळच्या कारखान्यात दिवसभर पॅकिंगच्या लाइनवर उभी राहून यायची आणि चप्पल न काढताच बादली उचलायची. पावसाचे दिवस सोडले तर खाडा नाही, अगदी थंडीतसुद्धा. पहिल्या वर्षी पुदिना खुडतानाही जीव सुखावायचा. आता बाग म्हणजे आणखी एक शिफ्ट झाली होती.

सासरे केंदूरचे, जन्मभर डाळिंबं केलेली. गुडघे गेले म्हणून आमच्याकडे राहायला आले आणि मागच्या पायरीवर बसून माझी बादली बघू लागले. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी म्हणाले, "पोरी, त्याला ताण दे."

माझं डोकंच फिरलं. "मामा, घरात एकीला आहे तेवढा पुरे नाही का?"

ते हसले नाहीत. "आगं, ताण म्हंजी पाणी बंद. झाडाला सुट्टी. दमलेल्या झाडाला कळी येत न्हाई."

बारा वर्षं या घरची सून, आणि हा अर्थ मला ठाऊक नव्हता. मला लाज वाटली.

पाणी बंद केलं. पानं पिवळी पडून गळायला लागली, तशी मी खचले. एका पहाटे राहवेना, म्हणून गुपचूप तांब्याभर ओतलं. मामांनी काठीनं माती उकरून पाहिली आणि चहा पिता पिता सांगितलं की चोरून पाजलंस तर पुन्हा पहिल्यापासून दिवस मोजावे लागतील. पुन्हा मोजले. माघात त्यांनी स्टुलावर बसून छाटणी केली, मी शेणखत घातलं, मग पाणी सोडलं.

चैत्रात कळ्या आल्या. आई उन्हाळ्यात माठात मोगरा टाकायची, म्हणून पहिली दोन फुलं मी माठात टाकली. सकाळी डबा भरून झाल्यावर पेलाभर पाणी प्यायले आणि दौंडचं स्वयंपाकघर तोंडात आलं. मी ओट्याला टेकून रडले. कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला, तरी पाय उचलेनात. बस गेली.

सुपरवायझरचा फोन आला. तब्येत बरी नाही का, घरी काही झालंय का, सगळं विचारून झालं. शेवटी समजुतीनं म्हणाला, "ताई, ताण घेऊ नका."

"आज तोच घेणार आहे," मी म्हटलं, आणि मामांना माठातलं पाणी नेऊन दिलं.