सुधारित संगीत पराक्रमकेतू

एकदा झालेलं काम झालं, असं ज्याला उभ्या जन्मात एकदाही वाटलं नाही, असा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ते पहिल्यांदा माझ्या नजरेत भरले ते आमच्याच लग्नात. भटजींचं दुसरं मंगलाष्टक संपलं आणि मुलीच्या बाजूने आवाज आला, “थांबा महाराज, चाल घसरली.” पिवळट कोटातले एक उंच गृहस्थ पुढे झाले, त्यांनी भटजींना सूर दिला आणि तेच मंगलाष्टक पुन्हा म्हणवून घेतलं. मुहूर्त टळतो की काय म्हणून माझे वडील कासावीस झाले होते, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते, आणि मी हार सावरत उभा होतो. पुढे जेवणाच्या पंगतीत मामा माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “जवाईबापू, आता बरं झालं. नाही त लगन कच्चं राह्यलं असतं.” अशा माणसाशी आपलं नातं जुळलं, या विचाराने मला त्या दिवशी जिलबी गोड लागली नाही.

मामा असोद्याचे. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले, घरी केळीचा मळा, आणि गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे तेच. पण ही त्यांची वरवरची ओळख झाली. खरं म्हणजे ते ‘संगीत पराक्रमकेतू’ या नाटकाचे कर्ते होते. राज्य गमावलेला एक राजा रानोमाळ भटकतो आणि शेवटी आपल्या दरबारात परत येतो, एवढीच त्याची गोष्ट. पदं मात्र अठ्ठावीस. हे नाटक पस्तीसेक वर्षांपूर्वी असोद्याच्या यात्रेत एकदाच झालं. लोकांनी डोक्यावर घेतलं. दुसरा कोणी त्या आनंदात राहिला असता. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढून बसले, कारण त्यांच्या मते दुसरा अंक लांबला होता. तेव्हापासून ते बसलेले उठलेच नाहीत.

त्यांची दुरुस्ती करायची रीत वेगळी होती. लिहिलेलं खोडायचं नाही. नवी ओळ कागदाच्या पट्टीवर लिहायची आणि कणकेची खळ लावून जुन्या ओळीवर चिकटवायची. काही ओळींवर आठ-आठ थर चढले होते. वही इतकी फुगली की मिटेना, म्हणून मामी तिच्यावर पाटा ठेवत. खळीच्या वासाने झुरळं येत, आणि झुरळांनी एखादा थर कुरतडला की मामा चष्मा लावून बघत नि म्हणत, “हे बरोबर खाल्लं. हा शब्द मलेही खटकत होता.” मी एकदा चिडून विचारलं की जे नाटक पुन्हा व्हायचंच नाही, ते सुधारून उपयोग काय? तर म्हणाले, “नाटक म्हनजे देवयातली मूर्ती हाये का, एकदा घडवली अन् झालं? रोजचा सयपाक हाये तो. काल खारट झालं, त आज मीठ कमी टाकायचं.” मामी आतून म्हणाल्या, “तुमच्या सयपाकाले जेवनारं कोनी नाही, एवढंच.”

जेवणारा एक होता. सोनगीरचे नाना. मामांची पहिली नोकरी सोनगीरला होती. तिथे तांब्या-पितळेची भांडी ठोकता ठोकता गाणारा एक माणूस त्यांनी ऐकला आणि पराक्रमकेतू राजा त्याच्यासाठीच लिहिला. नाना काळी चार या उंच पट्टीत गात. त्या यात्रेत त्यांनी राजाचं शेवटचं पद म्हटलं तेव्हा केळीच्या गाड्यांवर बसलेली माणसं खाली उतरून उभी राहिली, असं सासूबाई सांगतात. पुढे मामांची बदली झाली, पण दर दिवाळीनंतर ते वही घेऊन सोनगीरला जायचे आणि दोघं मिळून सुधारलेलं नाटक पहिल्यापासून म्हणायचे. आणि नानांचा आवाज जसा उतरत गेला, तसं मामा नाटक खाली आणत गेले. काळी चारवरून पांढरी पाच, मग पांढरी चार, मग काळी दोन. एका वर्षी मीच त्यांना गाडीने घेऊन गेलो होतो. नाना पहिल्याच ओळीला खोकले, वर जाईना म्हणून थांबले आणि म्हणाले, “मास्तर, आते हाई पट्टी मनाघाई व्हवाव नही.” मामांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पेटीवर पांढरी एक धरून म्हणाले, “तुह्या गयाचा दोष नाही, नाना. मीच उंच बसवलं होतं. रानात भटकून थकलेला राजा इतक्या वर गाईन का?” परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ ते एकदम म्हणाले की पांढरी एकच्या खाली जायचं तर नवी पेटी बघावी लागेल.

पेटी बघायची वेळ आली नाही. पुढच्याच वर्षी नानांच्या घशात गाठ निघाली. धुळ्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं आणि श्वास घ्यायला गळ्यात भोक ठेवलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नाना खाटेवर पाटी घेऊन बसले होते. मामांना बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, “मास्तर, आते दुसरा राजा देखी ल्या.” मी मान वळवली. मामांनी पिशवीतून वही काढली, एक कोरी पट्टी घेतली आणि तिथेच औषधाच्या टेबलावर लिहायला लागले. म्हणाले, “राजानं मौन धरलं हाये. राज्य गेलं त्या दिवशी शपथ घेतली. सगये त्याच्यासाठी गातीन. तू फक्त बसायचं. बसता येते ना?” नाना हसले. त्यांच्या हसण्याचा आवाज तेवढा गळ्यातल्या भोकातून आला आणि तो ऐकून मला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहावं लागलं.

आणि खरोखर, दुसरा प्रयोग झाला. असोद्यालाच, यात्रेच्या दुपारी, भजनी मंडळाच्या मांडवात. अठ्ठावीसमधली सहा पदं उरली होती. नाना अंगभर शाल घेऊन, गळ्याभोवती उपरणं गुंडाळून सिंहासनावर बसले. सगळं ठीक चाललं होतं. शेवटच्या पदाला मामांनी पेटीवर एकट्याने सुरावट सुरू केली. राजाने गप्प बसायचं आणि ती ऐकायची, असं नव्या पट्टीवर लिहिलं होतं. पण हे असोद्याला कोण सांगणार? लोकांना वाटलं, म्हातारा पद विसरला. पुढच्या रांगेतली एक अक्का मोठ्याने पहिला शब्द सांगू लागली. मग दुसरी, मग बायकांची बाजूच गायला लागली. हे पद गावच्या बायकांनी पहिल्या प्रयोगानंतर हळदीच्या गाण्यांत उचललं होतं, हे मामांना पस्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यात त्या म्हणत होत्या ते जुने शब्द, मामांनी आठ थरांखाली पुरून टाकलेले. मामांचा चेहरा असा झाला, की आता पेटी सोडून उठतात आणि बायकांना थांबवतात. तेवढ्यात नानांनी सिंहासनावरून हात वर केला. मामा बसूनच राहिले आणि दात-ओठ खात जुन्या शब्दांना साथ करत राहिले. नानांचे ओठ हलत होते. मी एवढ्या वर्षांत मामांची पुष्कळ थट्टा केली, पण त्या दुपारी मला त्यांचा हेवा वाटला.

“चुकीचं गायल्या बठ्ठ्या,” असं खुद्द मामाच उतरताना म्हणाले. रागाच्या भरात ‘सगळ्या’साठी सोनगीरचा शब्द तोंडात आला असावा. नानांनी पाटी मागितली आणि लिहिलं, “जुनंच बेस शे.” त्यावर मामा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः बसस्टँडपर्यंत सोडायला गेले.

नाना त्यानंतर चार महिन्यांनी गेले. दिवस झाल्यावर मी असोद्याला गेलो. मामा वाळले होते, पण वही पुढ्यात होती. मला वाटलं, माणसाला काही तरी धरायला पाहिजे. म्हणून म्हटलं, भजनी मंडळातला कोणी तरी राजा करेल, तिसरा प्रयोग लावू. मामा म्हणाले, “नानाच्या जागी दुसरा? मंग नाटक कायले करायचं?” मी म्हटलं, राजाशिवाय पराक्रमकेतू कसा होईल? तर त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. “तेच लिव्हलं हाये. भालदाराचं वाचा.”

मी पट्टी बोटाने धरून वाचलं. “महाराज पराक्रमकेतू येत आहेत हो!” मामांनी पेटीचा भाता दाबून एकच सूर धरला आणि दाराकडे बघत राहिले. बाहेर केळीचा ट्रॅक्टर गेला. सूर चालूच होता.

“मामा, पुढे?”

“थांबायचं.”

“किती वेळ?”

“ते अजून ठरलं नाही,” ते म्हणाले, आणि भाता हलवत राहिले.

एवढा वेळ कोण प्रेक्षक बसून राहील, असं नेहमीसारखं काही तरी खोचक माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोपर्यंत मीही दाराकडेच बघायला लागलो होतो.