भाऊजींची टोपीवाली

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात पाऊल टाकलं की आधी पाण्याचा वास यायचा. शेवाळलेल्या, कोमट पाण्याचा. ताईला तो येत नसे, कारण ती त्यातच राहत होती. आणि भाऊजींच्या मते तो वास नव्हताच. "पाणी चांगलं असलं की असाच वास येतो," ते म्हणायचे. मी नाक मुरडून खिडकी उघडायचे आणि ते उठून ती अर्धी लावायचे. आमचं नातं बरंचसं त्या खिडकीवरच चाललं होतं.

भाऊजी कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि भाऊजी एका अरुंद कारखान्यात उजेडाकडे तोंड करून बसायचे, डोळ्याला भिंग लावून एकेक दात त्या साच्यात बसवायचे. पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात ते मला त्यांच्यामुळे कळलं. समोर माणूस आला की आधी त्याच्या तोंडात बघायची त्यांना खोड होती. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत जात होते. त्यांना बघून हसले, तर म्हणाले, "धाकटीचा सुळा जरा पुढे आलाय." एवढ्यावरून मी त्यांच्याशी वर्षभर धड बोलले नाही.

घरी आले की मासे. त्यांची मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि तिच्या खोलीत पलंगाच्या जागी काचेच्या टाक्या आल्या. बाल्कनीत पिंपं आली. नळाच्या पाण्यातलं औषध उडून गेल्याशिवाय ते पाणी माशांना चालत नाही, म्हणून ते तिथे साठवून ठेवायचं. मग कपडे कुठे वाळत घालायचे, असं ताई विचारायची. त्यावर भाऊजी म्हणायचे, "बघू." ते बघणं शेवटपर्यंत झालं नाही.

त्यांना घरच्या घरी एकाच तऱ्हेचा गोल्डफिश काढायचा होता. अंग पांढरंशुभ्र, डोक्यावर लाल गोंडा, आणि बाकी कुठेही लाल ठिपका नको. तसे मासे दुकानात मिळतात, मी सांगून बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

या कामात माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. नराच्या गालांवर पांढरे दाणे उठले की तो मादीच्या मागे लागतो. तेव्हा टाकीत हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यांचा झुबका सोडायचा, त्यावर मादी अंडी टाकते. अंडी पडली रे पडली की दोघांना उचलून दुसऱ्या टाकीत न्यायचं, नाहीतर तीच दोघं आपली अंडी खाऊन मोकळी होतात. "काय आई-बाप म्हणायचे हे," ताई म्हणायची. पिल्लं पापणीच्या केसाएवढी. त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचा. जरा मोठी झाली की निवड करायची. वाकड्या शेपटीची, आखूड कल्ल्यांची पिल्लं पाळणारे लोक सरळ मारून टाकतात. भाऊजींच्याने ते कधी झालं नाही. ते ती बरण्यांत घालून इमारतीभर वाटत सुटायचे. जिन्यात त्यांच्या हातात बरणी दिसली की लोकांना अचानक काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि ते माघारी वळायचे.

अशा किती विणी वाया गेल्या, कोण जाणे. मग एक मादी निघाली. पांढरं अंग, डोक्यावर लाल गोंडा, अगदी हवी होती तशी. फक्त डाव्या गालावर मसुरीएवढा लाल थेंब. भाऊजी तिच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि म्हणाले, "एवढं राहिलं गं."

"राहू दे," ताई म्हणाली. "माणसाच्या अंगावर तीळ नसतो का?"

तिचं नाव टोपीवाली ठेवलं ते ताईनेच. जन्मभर माशांच्या नावाने बोटं मोडणारी माझी बहीण त्या एका मादीसमोर मात्र विरघळायची. टोपीवालीची टाकी बाहेरच्या खोलीत आणली गेली. भाजी निवडताना ताई तिच्याशी बोलायची, भाऊजींच्या कागाळ्या तिला सांगायची. भाऊजी पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "तिला सगळं माहीत आहे. ती माझ्या बाजूची आहे."

मग विसरणं आलं. भाऊजींनी एका म्हातारीची कवळी बनवून पाठवली आणि तीच कवळी पुन्हा बनवायला घेतली. मग तिसऱ्यांदा. कारखान्याच्या मालकाने ताईला बोलावून घेतलं. भला माणूस, त्याला सांगताना घाम फुटला होता. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. रोजची कामं जेवढी करतील तेवढी करू द्या, तोवर ते स्वतःला धरून राहतील.

रोजचं काम म्हणजे मासे. गोल्डफिशला पोट भरल्याचं कळत नाही. माणूस दिसला की तो काचेला येऊन तोंड उघडझाप करतो, नुकतं खाल्लेलं असलं तरी. भाऊजी खोलीत जात, मासे काचेशी येत, भाऊजी म्हणत, "अरेरे, उपाशी आहेत बिचारे," आणि डबी उघडत. बाहेर येऊन पाणी पीत. पुन्हा आत जात. "अरेरे, उपाशी आहेत बिचारे." न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि पाण्याचं विष होतं. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मासे मरायला लागले. भाऊजी दुपारी जरा पडले की ताई जाळीने मेलेले काढायची. तिने डबी कुलपात ठेवली, तर त्यांनी पाव कुस्करून घातला. पाव लपवला, तर भात घातला. मुलीच्या खोलीतल्या टाक्या एकेक करून रिकाम्या झाल्या. रिकाम्या टाकीसमोर ते थोडा वेळ उभे राहायचे आणि बाहेरच्या खोलीत येऊन टोपीवालीपाशी बसायचे. ती दिसली की त्यांचा चेहरा जागेवर यायचा.

शेजारी त्यांना ओळखू येईनासे झाले. फोनवर मुलीला ते "बोला, कोण हवंय?" म्हणाले आणि पलीकडे ती रडायला लागली. मला मात्र त्यांनी सुळ्यावरून बरेच दिवस धरून ठेवलं होतं. ताईला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. "मला अजून ओळखतात," ती म्हणायची. "बाकी सगळं जाऊ दे. उद्या माझ्याकडे बघून कोण तुम्ही म्हणाले, तर मी कुठे जाऊ गं?" मी तिला म्हटलं, असं काही होणार नाही. मला काय माहीत होतं? काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

आणि ते तिला खरंच ओळखत होते. अगं म्हणून हाका मारत होते, चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होते. ताई त्या कुरकुरीवर जगत होती.

एकदा ताई दळण आणायला खाली गेली आणि तेवढ्यात भाऊजींनी बिस्किटांचा अख्खा पुडा टोपीवालीच्या टाकीत रिकामा केला. ताईने पाणी बदललं, पिंपातलं सगळं पाणी वापरलं, पण दुसऱ्या दिवशी टोपीवाली आडवी होऊन तरंगत होती. भाऊजी आत झोपले होते. ताईने मला फोन केला. मी पोहोचले तेव्हा ती ओल्या हातांनी जमिनीवर बसली होती आणि मासा वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता.

"मेली म्हणून सांग," मी म्हटलं. "खरं ते सांगावं."

"रोज सांगावं लागेल गं," ताई म्हणाली. "रोज विचारतील. रोज नव्याने मरेल ती."

आम्ही दोघी पाळायचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. भाऊजी आपली चांगली पिल्लं वर्षानुवर्षं त्यालाच द्यायचे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या टाकीतून एक मादी काढली. पांढरं अंग, लाल गोंडा. "ही त्यांच्याच घरची," तो म्हणाला. "तुमच्या टोपीवालीच्या पिल्लाचं पिल्लू." डाव्या गालावर लाल थेंबसुद्धा होता, किंचित खाली. ताईने तो बघितला आणि तिला हायसं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊजी उठून बाहेर आले. मादी काचेपाशी आली, तोंड उघडझाप करू लागली. भाऊजींनी डबी मागितली नाही. ते स्टूल ओढून बसले. मग उठून कपाटातलं कारखान्यातलं भिंग घेऊन आले. आपण कुठे राहतो हे ज्याला सांगता येत नव्हतं त्या माणसाला ते भिंग कुठे आहे हे बरोबर आठवलं.

"ही ती नाही," ते म्हणाले.

"अहो, तीच आहे," ताई म्हणाली.

"थेंब खाली आहे. आणि तिचा शेपटीजवळचा एक खवला गेलेला होता, तो हिला आहे." ते चिडले नव्हते. कवळी तपासताना बोलायचे तसे बोलत होते. "सारखी दिसते. कोणीतरी फार बघून आणलीय. पण ही ती नाही."

ताईने तिथेच कबूल करायला हवं होतं असं मला नंतर कितीदा तरी वाटलं. पण ती घाबरली आणि रेटतच गेली. तुम्हाला नीट आठवत नाही, डॉक्टर म्हणालेत ना, तीच आहे ती, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा? भाऊजींनी भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. आधी दात, मग कपाळ, मग डावा गाल. मग जेवायला बसले.

त्यानंतर त्यांनी चहाबद्दल कुरकुर केली नाही. साखर कमी असली तरी निमूटपणे प्यायचे आणि कप स्वतः आत नेऊन ठेवायचे, पाहुण्याच्या घरी ठेवतो तसा. ताई म्हणाली, जरा शांत झालेत. मला ती शांतता आवडली नव्हती.

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी मला बाल्कनीत रिकाम्या पिंपांपाशी बोलावलं. दार लोटून घेतलं.

"तुझा सुळा पुढे आहे," ते म्हणाले. "म्हणजे तू खरी. तू तरी मला खरं सांग. माझी बायको कुठे आहे?"

"ताई? आत आहे ना."

त्यांनी मान हलवली. "आतली बाई चांगली आहे. दिवसभर राबते. सारखी दिसते, आवाजही तसाच आहे. कोणीतरी फार बघून आणलीय. पण ही ती नाही." आणि मग हळूच म्हणाले, "या घरात बदलतात. माशाचं मी स्वतः पाहिलंय."

मी दार उघडलं तर ताई पलीकडेच उभी होती, हातात चहाचा कप घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. मला राग आला, इतका की कप घेऊन त्या टाकीवर फेकावा. कोणावर राग काढायचा तेच कळेना. त्या माणसाची अख्खी बुद्धी गळून गेली होती आणि उरलेल्या तेवढ्याशा बुद्धीने त्यांनी बरोबर हिशेब मांडला होता. तो मांडायला पुरावा आम्हीच दोघींनी पिशवीत घालून आणला होता.

ताईने कप कठड्यावर ठेवला. भाऊजींसमोर उभी राहिली.

"मासा मी बदलला," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. टोपीवाली मेली. पण फक्त मासाच बदलला हो. मी मीच आहे."

भाऊजींचे डोळे भरून आले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फार जपून, उत्तराची भीती वाटत असल्यासारखं विचारलं, "आणि ती? तीही गेली का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? हो म्हटलं तर हा माणूस इथेच कोसळणार. मीच ती, हे तर ती आत्ताच सांगून चुकली होती. रोज नव्याने मरण्याची पाळी आता तिच्यावर आली होती. ती तिने घेतली नाही.

"नाही," ती म्हणाली. "आहे. बाहेर गेलीय. येईल."

भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. कप उचलला, एक घोट घेतला. चहात साखर नव्हतीच, मी नंतर चाखून पाहिला. ते काही बोलले नाहीत.

"आली की तिला टोपीवालीचं तुम्हीच सांगा," ते ताईला म्हणाले. "पण एकदम सांगू नका. ती वरून ओरडते, पण तिचा फार जीव होता त्या माशावर. जरा सांभाळून सांगाल ना, बाई?"

"सांगेन," ताई म्हणाली, आणि कप घ्यायला हात पुढे करून उभी राहिली.