सत्यभामाबाईंचे न धुतलेले रुपये

पवनीच्या बँकेत मी एकतीस वर्षं कॅशियर होतो, त्यामुळे पैसा पाहून माझं काळीज हलत नाही. जुनं नाणं पाहून मात्र हलतं. आसगावच्या सत्यभामाबाईंच्या खळ्यावर ते असं हललं की हातातला चहा मी स्वतःच्याच पायावर सांडला.

धानाची मळणी संपली होती आणि बाईंनी मला राशीच्या पूजेला बोलावलं होतं. सत्यभामाबाई पासष्टीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. नवरा गेल्यापासून सात एकर धान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर पिकवलं. गावात बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडचे लोक यांच्याच ओसरीवर येऊन बसतात, कारण बाई खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी धानाच्या राशीवर एक पुरचुंडी सोडली आणि सात राणीछाप रुपये मांडले. सव्वाशे वर्षांपूर्वीची चांदी. त्यातल्या एकाची कड गर्द निळी, आत जांभळा पट्टा, मग गुलाबी, आणि राणीच्या गालावर पिकल्या धानाचा पिवळा. चाळीस वर्षांच्या छंदात मी असा रुपया पाहिला नव्हता.

त्यांच्या सासूची रीत अशी होती. हे रुपये वर्षभर ढोलीच्या तळाशी राहायचे. ढोली म्हणजे शेणामातीनं लिंपलेली बांबूची मोठी कणगी, तिच्यात वर्षाचं धान असतं. राशीच्या दिवशी रुपये बाहेर यायचे आणि नव्या कोऱ्या कापडात बांधून पुन्हा ढोलीत जायचे. पण राशीची लक्ष्मी धुवायची नाही. धुतली की बरकत पाण्याबरोबर मोरीत जाते. गावात बाकीच्या घरी असे रुपये दर दिवाळीला चिंचेनं घासतात. ते लख्ख होतात आणि त्यांना मोल उरतं ते फक्त चांदीच्या वजनाचं. इथे मात्र सत्तर वर्षं शेणमाती, कोंडा आणि कापड मिळून चांदीला रंग चढवत बसले होते.

मी फोटो काढले आणि नागपूरच्या एका नाणे-व्यापाऱ्याला पाठवले. त्याचं उत्तर आलं, ‘रंगवलेले आहेत. गावाकडचे लोक हल्ली हेच धंदे करतात.’ हे बाईंना सांगायची काही गरज नव्हती, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

“रंगवलेले?” बाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. “माह्या सासूच्या राशीतले रुपये मी रंगवले म्हणते तो?”

“धूर देऊन, औषधं लावून करतात असं काही लोक.”

“करत असतीन. हे खरं हाये का खोटं, हे सांगणारा कोणी हाये का, ते सांगा मले.”

मी सांगितलं. नाण्यांची पारख करणाऱ्या संस्था असतात. तिथे नाणं पाठवायचं, जाणकार ते भिंगाखाली पाहतात, सत्तरपैकी गुण देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून चिठ्ठीसकट परत पाठवतात. रंग खोटा असेल तर गुण देत नाहीत, नुसता शेरा मारतात. फी लागते, महिने लागतात. आणि मग नाण्याला भाव येतो.

“भाव कायले पाहिजे? मले विकायचाच नाही,” बाई म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

संपला नव्हता. त्या माणसाचा शब्द बाईंना पायातल्या काट्यासारखा सलत राहिला. सासू गेली, नवरा गेला, त्यांच्या वतीनं बोलणारं आता कोणी नाही, हे त्या मला दोनदा म्हणाल्या. पेरणीच्या तोंडावर ढोली रिकामी झाली तेव्हा त्यांचा निरोप आला: निळा रुपया पाठवायचा. अट एकच, राशीच्या आत तो परत आला पाहिजे.

मी डबी, कापूस, फॉर्म सगळं घेऊन आसगावला पोचलो. बाईंची सून डिंपल पाणी घेऊन आली. मुलाचं, कैलाशचं लग्न वैशाखातच झालं होतं. डिंपलचं माहेर भंडाऱ्याचं, तीन पिढ्या पितळेच्या भांड्यांचं काम. काळवंडलेला धातू दिसला की या पोरीचे हात शिवशिवतात. राशीची पूजा तिनं अजून पाहिली नव्हती आणि सासूची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. तिनं ताटलीत घालून रुपया माझ्यापुढे ठेवला.

पांढराशुभ्र. नुकता टाकसाळीतून आल्यासारखा.

“मोठे लोकं पाहणार व्हते ना,” ती हसत म्हणाली. “तसाच काळा कसा पाठवायचा? चिंच लावून, मीठ लावून चांगला घासला.”

“पोरी, सत्तर वर्षं धुतलीस तू,” मी म्हणालो. हे वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे.

डिंपलचं तोंड उतरलं. बाईंनी रीत सांगितली तशी ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “आई, मी बाबाले सांगते. ते पितळेवर पाहिजे तो रंग आणतात. चांदीवरही आणतीन. कोणालेच समजणार नाही.”

आणि मी, एवढा मोठा पारखी, क्षणभर मनात म्हणालो, फोटो आहेच आपल्याकडे, जमेल. लाज वाटते, पण म्हणालो खरं.

“मंग तो नागपूरवाला खरा ठरन,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यांनी पुरचुंडीतून दुसरा रुपया काढला, कड हिरवट, मध्ये तपकिरी सोनेरी, निळ्याच्या मानानं साधा. “हा पाठवा.”

“आणि धुतलेला?”

“तो घरीच राहीन.”

रुपया राशीच्या चार दिवस आधी परत आला. डबीवर आकडा होता अठ्ठावन्न. गुण मिळाले, म्हणजे रंग खरा.

“सत्तरपैकी अठ्ठावन्न?” बाई म्हणाल्या. “म्हणजे डिस्टिंक्शन झालं का नाही?”

मी डबीचा फोटो त्या व्यापाऱ्याला पाठवला. त्यानं माफी मागितली नाही, विकत घेऊ का म्हणून विचारलं. बाई तेवढ्यावर खूश झाल्या.

राशीच्या दिवशी मी म्हणालो, डबीसकट मांडा, डबीसकटच ढोलीत ठेवा.

“डबीत याले धानाची हवा लागन का?”

“नाही. आता रंग आहे तिथेच थांबणार. डबी त्यासाठीच असते.”

बाईंनी कमरेचा अडकित्ता काढला. मी “अहो” म्हणेपर्यंत कडकन आवाज झाला. प्लास्टिकचे तुकडे त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवले. “चिठ्ठी तुमच्यापाशी असू द्या. कोणी विचारलं त दाखवा. रुपया राशीचा हाये.”

राशीवर सहा रुपये मांडले गेले. सातवा डिंपलच्या मुठीत होता. आषाढापासून ही पोर ढोलीच्या जवळ फिरकली नव्हती, आताही खळ्याच्या पार कडेला उभी होती.

“ये, मांड,” बाई म्हणाल्या.

“हा धुतलेला हाये, आई. बरकत गेली ना याची.”

“बरकत गेली असती त एवढं धान कुठून आलं?” बाईंनी राशीवर हात ठेवला. “बाकीचे माह्या सासूचे होत. हा तुयापासून सुरू झाला. याले रंग चढन तवा तू माह्या वयाची असशीन.”

डिंपलनं तो पांढरा रुपया सहांच्या मधोमध ठेवला. पूजा झाल्यावर कोरं कापड तिनंच फाडलं, सातही रुपये बांधले आणि पदर खोचून ढोलीत उतरली.