सोन्याच्या नदीवरची अंथूसा

अंथूसा माझी थोरली जाऊ. आमचं घराणं सोनं धुणाऱ्यांचं. पुरानंतर आकांप्सिस नदीच्या पात्रात काळी वाळू येई, सोनं तिच्यातच. तिथं मेंढ्यांची कातडी पसरायची, लोकरीत अडकलेले कण गोळा करायचे आणि राजधानीच्या कारकुनाच्या हवाली करायचे, हेच आमचं जिणं. त्या सोन्याची नाणी पाडून सम्राट फौजेला पगार देतो, असं कारकून सांगे. नदी सोडून जायची आम्हाला मुभा नव्हती. बापामागून पोरानं तिथंच उभं राहायचं.

एका मोठ्या पुरानंतर नदीनं पात्रच बदललं आणि सोनं आटलं. कारकून म्हणाला, "मग डोंगर खणा." थोरले दीर सिसिन्नी खणायला गेले आणि दरड कोसळून आतच राहिले.

अंत्यविधी उरकले न उरकले तोच कारकून दारात. अंथूसाला म्हणाला, "नवऱ्याच्या जागी तू उतर. पोरगी मोठी झाली की ती."

तेव्हापासून अंथूसा एका जागी बसेना. चुलीवर भांडं ठेवी आणि बाहेर जाई, बाहेरून आत येई. पोरगी थेक्ला झोपली तरी तिच्या अंगावरून हात फिरवत राही.

"जाऊबाई, जरा टेका की," मी म्हटलं.

"टेकले की बोगदा दिसतो गं. मी निघाले. येतेस?"

माझ्या नवऱ्याला फौजेत ओढून नेलं होतं, तो सरहद्दीवर लढताना गेला. मला घरातलं कोण अडवणार? मीठवाल्यांच्या खेचरांमागून आम्ही तिघी निघालो. वाटभर ती मागं वळून बघे. खेचर फुरफुरलं तरी दचके. खांद्यावर एक जुनं, जड कातडं घेतलं होतं. थंडीला असेल, असं मला वाटलं.

खिंडीत शिपायांनी अडवलं. "बायकांनो, कुठल्या? हात दाखवा." पाण्यानं कुजलेली आमची बोटं बघून एकजण हसला. "अरे, ह्या तर नदीवरच्या! चला, परत फिरा!"

अंथूसानं खांद्यावरचं कातडं त्याच्या पुढ्यात टाकलं.

"दादा, हे जाळून बघा. राखेत काय राहतं ते तुमचं."

मीठवाल्यांनी तोंडं फिरवली. शिपायांनी शेकोटीवर कातडं टाकलं. लोकर भुरुभुरु जळाली. मग सगळे गुडघ्यांवर बसून राख उपसायला लागले. "सरक ना! माझा हात आधी पडलाय!" अशी जुंपली त्यांची. आम्ही चालू पडलो. कोणी मान वर केली नाही.

उतार लागल्यावर मी हळूच विचारलं, "जाऊबाई, पुराआधीचं ते सोनं सम्राटाचं होतं ना?"

"मग? त्याच्याच माणसांना दिलं की!" एवढं बोलून ती रडायला लागली, पण चालायची थांबली नाही.

पलीकडच्या मुलखात आम्ही लोकर रंगवायची कामं धरली. पोट भरे. पण घोडेस्वार दिसले की अंथूसा बोचकं बांधी. किती गावं बदलली, आता आठवतही नाहीत. मी चिडायचे. थेक्ला तर म्हणायची, "आई, मला एक तरी मैत्रीण टिकू दे!"

थेक्लाला स्थळ आलं, मुलगा कुंभार, स्वभावानं गरीब. सासरचे म्हणाले, "घर बघायला या." अंथूसानं घर बघितलंच नाही. गावाच्या ओढ्यात उतरली, ओंजळीत वाळू घेऊन पाण्यात खेळवली, वाकून वाकून तळ पाहिला. वर येऊन थेक्लाच्या सासूला विचारलं, "विहीणबाई, पुरानंतर इथं काळी वाळू येते का हो?"

"नाही बाई, नुसता चिखल."

"मग पोरगी दिली," अंथूसा म्हणाली आणि ओल्या लुगड्यानिशीच काठावर बसली.