अनुसयाक्काचं दुकान बंद नाही

अनुसयाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत उभा होतो. दगडूदाजींना धड बोलता येत नव्हतं. "सुभाष, तुजी अक्का ऱ्हायली न्हाई रे..." एवढंच. सकाळी उसाच्या मोळ्या बांधताना छातीत कळ आली आणि ती फडातच बसली, ती उठलीच नाही. नात्यानं माझी चुलत बहीण, पण आम्ही एका ताटात जेवून मोठे झालो. आता पाच आठवडे होत आले. लोक म्हणतात रडून घे, मोकळं वाटेल. मला रडू येत नाही, रागच येतो.

सिरसाळ्याच्या अलीकडे आमचं गाव. रस्त्याकडेला पत्र्याच्या अकरा टपऱ्या, त्यातली तिसरी तिची. उन्हाळ्यात, पावसाळ्यात ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचे आणि दसरा झाला की मशीन पोत्यात गुंडाळून टपरीतच ठेवून दाजींबरोबर ऊसतोडीला जायचं. त्या अकराही टपऱ्या तोडीला जाणाऱ्यांच्याच. कोणी चपला सांधतो, कोणी पंक्चर काढतो. जाताना सगळे दुकानावरचा बोर्ड खोलून ट्रकमध्ये टाकतात. कारखान्याच्या तळावर राहायला पाचटाची कोपी बांधली की तिला दार लागतं, आणि पत्र्याचा बोर्ड उभा केला की त्या मापाला बरोबर बसतो. 'अनुसया लेडीज टेलर' ही अक्षरं दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या तळावर आडवी पडून दाराचं काम करायची. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होतं... हे आज लिहूनच टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी गावच्या सोसायटीत कारकून होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. सोसायटीला रस्त्याकडेला गाळे आणि खताचं गोदाम बांधायचं होतं. ग्रामपंचायतीनं ती सगळी पट्टी व्यापारी म्हणून आखली आणि नियम काढला. ज्यावर ठरल्या मापाचा बोर्ड दिसेल तेच दुकान, बाकी जागा रिकाम्या धरून सोसायटीला. पाहणी ठेवली ऐन पौषात. ग्रामसेवकाकडे तीन गावं, म्हणून यादी करायला मला धाडलं. 'बोर्ड आहे की नाही' असा रकाना होता. मी अकरा वेळा 'नाही' लिहिलं. बोर्ड कुठे गेलेत ते रकान्यात विचारलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी मात्र राहवेना, म्हणून तिला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण तिनं फक्त विचारलं, "सभा कवा हाय?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. पाऊसच नसल्यामुळे त्या वर्षी निम्म्याहून जास्त गाव तोडीला गेलेलं. समोर बसलेले बहुतेक सगळे पक्क्या दुकानांचे मालक. ठरावाचं वाचन चालू असतानाच अक्का आली. डोक्यावर चादरीत गुंडाळलेला तो लांबलचक पत्रा. तीन एसट्या बदलून आली होती, प्रत्येक कंडक्टरशी भांडून. चुलीच्या धुरानं काळवंडलेला बोर्ड तिनं सरळ सरपंचांच्या टेबलावर आदळला.

"ह्यो घ्या बोर्ड. मोजा."

"बाई, पाहणीच्या दिवशी तो जागेवर नव्हता," सरपंच म्हणाले.

"सा महिने आमच्या घराला बी कुलूप आस्तंय. मग घर बी सोसायटीला देता का? कुलूप लावलं म्हंजी आमी मेलो का?"

मागून एक दुकानदार ओरडला, "नियम सगळ्यांला सारखाच हाय! गावाला काय शोभा हाय का न्हाई?"

"शोभा?" अक्का वळली. "मतदानाला गाडी धाडून फडातून उचलून आणता, तवा आमी गावचे. दुकानाच्या टायमाला कावून न्हाई?" मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "यादी माज्या भावानं केलीया. त्यालाच इचारा बोर्ड कुठं आस्त्यात. त्याला लई चांगलं ठावं हाय."

सगळं पटांगण माझ्याकडे बघायला लागलं. मी उठलो आणि खरं काय ते सांगितलं. सोसायटीचे चेअरमन पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत. न बोलू देत! ठराव तोडीच्या टोळ्या परत येईपर्यंत थांबला. मे महिन्याच्या सभेला पटांगणात बसायला जागा उरली नाही, आणि तोडीला गेलेल्याचं दुकान बंद धरायचं नाही, असं लिहून घेऊनच लोक उठले. बोर्डाच्या मापाचा नियम तेवढा राहिला. अक्काचा बोर्ड वीतभर जास्त भरला. तिनं हातोडीनं ठोकून तो खालून दुमडला. मी म्हणालो, अक्का, आता कोपीच्या दाराला फट राहणार. तर म्हणाली, "थंडी सोसंन मी. जागा सोडत नसती."

गेल्या आठवड्यात तिच्या टपरीवर नोटीस चिकटली. परवानाधारक मयत, दुकान बंद आढळल्यास जागा ताब्यात घेणार. तोडीला गेलेल्याची सूट मेलेल्याला लागत नाही म्हणे. तेरावा करून दाजी फडावर परतलेत, कारण त्यांच्यावाचून टोळी अडली होती. वारस म्हणून ते चैत्रात येऊन अर्ज करतील. तोवर काय?

मी आता रिटायर आहे. रोज सकाळी नऊला टपरी उघडतो, झाडतो, मशीनवरचं पोतं काढतो. खिळ्याला तिची टेप लटकते. फळीवर न शिवलेली कापडं आहेत, प्रत्येकात नावाची चिठ्ठी खोचलेली. बायका येतात, दारात उभ्या राहतात, तिचं काहीतरी सांगतात आणि डोळे पुसत जातात. परवा नवीन ग्रामसेवक वही घेऊन आला. चांगला पोरगा आहे, पण त्याच्याही वहीत रकानेच आहेत.

"काका, तुम्हाला शिवता येतं का?"

"न्हाई."

"मग दुकानात करता काय?"

मी स्टूल आणखी थोडं रस्त्याकडे ओढलं.

"बसतो," म्हणालो. "लिहून घ्या. उद्या बी बसणार हाय."