डावीकडचा आवाज

माझी सगळी नोकरी खोट शोधण्यात गेली. सोलापुरातल्या एका टॉवेल-चादरींच्या कारखान्यात मी माल तपासायला होतो. मागावरून उतरलेला कपडा माझ्या टेबलावर यायचा. मी तो उजेडात पसरायचो, त्यावरून हात फिरवायचो आणि जिथं धागा सुटलाय, काठ ओढला गेलाय, रंग फिका पडलाय तिथं खडूनं फुली मारायचो. फुली पडली की माल सेकंडच्या गठ्ठ्यात, आणि सेकंडचा माल कमी भावात. त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. एखादी वस्तू स्वस्त मिळतेय म्हणजे तिच्यावर कुठंतरी फुली असणारच. वांगी घेताना मी देठ उचलून बघतो, छत्री घेताना दुकानातच उघडतो. बायको म्हणते, तुमी स्वर्गात गेला तरी अप्सरेच्या लुगड्याचा काठ तपासून बघाल.

मी निवृत्त झालो, पाठोपाठ मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. त्यानंतर कधीतरी माझ्या ध्यानात आलं की बायको अबोल झालीय. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. जेवताना समोर बसली की मीठ, ताक, भाकरी, विजेचं बिल, सगळं बोलायची. पण संध्याकाळी आम्ही ओट्यावर खुर्च्या टाकून बसायचो, ती माझ्या डाव्या हाताला, मी भिंतीकडं, तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघेना. पूर्वी हीच बाई दिवे लागेपर्यंत थांबत नसे. आता दोघंही समोरच्या कडुनिंबाकडं बघत बसायचो. मला त्याचं फार वाईट वाटायचं. मुलीच्या आठवणीनं ती आतल्या आत खचतेय की काय, अशी भीतीही वाटायची. पण विचारायचं कसं? आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोला ‘तू गप्प का’ असं विचारायची रीत नव्हती. ‘तू गप्प बस’ एवढंच आम्हाला येत होतं.

तर त्या गप्प संध्याकाळींवर उपाय म्हणून मी हेडफोन घेतला. नव्या पेठेतल्या एका दुकानात ‘सेल’ लिहिलेला कागद लावला होता. आत टोपलीत मोबाइलची कव्हरं, तारा, टॉर्च असं काहीबाही पडलेलं, आणि मागच्या फळीवर हा. काळा, मोठा, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद. दुकानदार म्हणाला, “काका, कंपनीचा हाय. किंमत निम्म्यावर आणलीय.”

“का?”

“खोकं फाटलंय म्हणून.”

खोक्यासाठी कोणी निम्मी किंमत सोडतं का? मी मनात हसलो. पण वस्तू भारी दिसत होती. शिवण सरळ होती, गाद्या मऊ होत्या, तारेला कुठं गाठ नव्हती. खोट सापडेना म्हणून मी जास्तच सावध झालो आणि सावधपणेच घेऊन आलो.

घरी आल्यावर तो डोक्यावर चढवला तेव्हा बायको कणीक मळत होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “विमान कुटं निघालं म्हणायचं?”

मुलीनं दिलेल्या फोनमध्ये मी जुनी गाणी लावली, आणि खरं सांगतो, दोन मिनिटांत माझा सगळा सावधपणा गेला. कानावर गाद्या बसल्या की आधी बाहेरचं जग दूर होतं. रिक्षाचा हॉर्न, शेजारचा मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळं आहे पण पलीकडच्या गल्लीत. मग त्या शांततेत तंबोरा सुरू होतो. मी आयुष्यभर गाणी ऐकली ती कारखान्यातल्या मालकाच्या रेडिओवर, मागांच्या खडखडाटातून जेवढी गळून येतील तेवढी. बाईचा आवाज म्हणजे एक रेघ आणि तबला म्हणजे टकटक, अशीच माझी समजूत होती. इथं कळलं की गाणारी बाई ओळ उचलण्याआधी श्वास घेते. पेटीवाल्याचा भाता हलका फुसफुसतो. तबल्याच्या मोठ्या तोंडावर तळहात घासला की बोल गोल होतो. एका जुन्या मैफिलीत कोणीतरी मागं बसून खोकलं आणि लगेच दाबून घेतलं. तो माणूस आज हयात असेल-नसेल, पण त्याचा संकोच मला ऐकू आला.

दोष काढायचेच तर होते. मागून बंद असल्यामुळे ढोलकी जरा पोट फुगवून वाजायची, लावणीत तर डोक्याच्या आतच बसायची. आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा. अर्ध्या तासात कान भिजायचे, मग काढून धोतराच्या फडक्यानं गाद्या पुसायच्या, पंख्याखाली धरायच्या आणि पुन्हा चढवायच्या. पण या काही फुली मारण्याजोग्या खोटी नव्हत्या.

खरी खोट सापडायला आठवडा लागला. एका दुपारी ऐकताना वाटलं, गाणारी बाई जरा उजवीकडं सरकून बसलीय. असेल, त्या वेळी माईकच तिकडं ठेवला असेल. दुसरं गाणं लावलं, ती गायिकाही उजवीकडं. मग पेटी, मग सारंगी. भजनी मंडळ लावलं तर टाळकऱ्यांसकट सगळी बैठक उजव्या भिंतीला टेकलेली आणि डावीकडं मोकळी सतरंजी. मी डावी गादी दाबली, सैल केली, तार हलवली, भोकातली पिन फिरवली. नाही. डावी बाजू बारीकच.

लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. सापडली! खोकं फाटलंय म्हणे! खोकं फाटलेलं नसतं दुकानदारा, माल सेकंडचा असतो. मी कपाटातून खरंच खडूचा तुकडा काढला आणि डाव्या वाटीवर एक बारकी फुली मारली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगीच नाही.

बायको आतून आली. मी तिला समोर बसवून सगळं समजावलं, उद्या परत नेऊन देतो म्हणालो. आपण फसत नाही याचा अभिमान माझ्या आवाजात असणारच. तिनं ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “बघू.” आणि तो हेडफोन घेऊन सरळ डोक्यावर ठेवला.

“उलटा घातलास,” मी म्हणालो. “फुली डाव्या कानाला यायला पायजे.”

“असू दे की.” ती ऐकत राहिली. डोळे मिटून, जरा मान डोलवत. तिला मी एवढी खुशीत बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मग म्हणाली, “मला तर दोन्हीकडं सारखंच येतंय की.”

“नीट ऐक. फुलीकडं बारीक हाय.”

“न्हाई हो. चांगलं खणखणीत हाय. लई गोड वाजतंय.” आणि तिनं तो काढून, तसाच उलटा, माझ्या डोक्यावर ठेवला.

फुली आता उजव्या कानाला होती. म्हणजे खोट उजवीकडं यायला हवी होती. पण बाई उजवीकडंच गात होती, खणखणीत, फुलीच्या बाजूनं. आणि बारीक होती ती डावी बाजूच.

मी हेडफोन सरळ केला. डावी बारीक. उलटा केला. तरी डावीच. चादर तपासताना ती उलटून बघायची हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल. सोलापुरी चादरीला दोन्हीकडं नक्षी असते, खालची बाजू बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. आणि इथं वाटीवर डावं-उजवं छापलेलं होतं म्हणून मी ती उलटून बघितलीच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माल चांगला होता. खोट माझ्या कानात होती.

“काय झालं?” बायकोनं विचारलं. ती समोर होती, मला नीट कळलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “माल चांगलाय. परत न्यायचा नाही.”

ती कामाला आत गेली आणि मी तिथंच बसून राहिलो. हळूहळू सगळं उलगडत गेलं. माझं टेबल मागांच्या दाराशी होतं, दार डाव्या अंगाला. सगळी वर्षं तो खडखडाट माझ्या डाव्या कानानं घेतला. मग इतकी वर्षं मला कळलं कसं नाही? तर त्याचंही कारण कारखान्यातच होतं. चालू मागांमध्ये कोणी कोणाशी ओरडून बोलत नाही, घसा जाईल. तिथं सगळे ओठ बघून बोलतात. विणकर बहुतेक तेलुगू बोलणारे, काही मुसलमान, आम्ही मराठी, पण मागांत शिरलं की सगळ्यांची एकच भाषा, ओठ आणि हात. चहा म्हणजे मूठ तोंडाशी. मालक आला म्हणजे पोटावरून हात. मला ती भाषा इतकी अंगवळणी पडली होती की समोरच्या माणसाचं मी ऐकत नव्हतो, वाचत होतो, आणि वाचतोय हेही मला माहीत नव्हतं. फोन तर मी कायमच उजव्या कानाला लावतो.

म्हणजे जो समोर बसेल त्याचं मला सगळं कळत होतं. जेवताना बायकोचं कळत होतं. आणि जो शेजारी बसेल, डाव्या हाताला, समोर कडुनिंबाकडं बघत…

उठून स्वयंपाकघरात जावं आणि तिला विचारावं असं वाटलं. पण काय विचारणार? तू गप्प होतीस, की मी? खरं तर मला उत्तराची भीती वाटत होती. खोट सापडल्यावर इतका घाबरलेला मी पहिल्यांदाच.

संध्याकाळी मी तिच्या आधी ओट्यावर गेलो आणि तिच्या खुर्चीवर बसलो. ती शेंगा सोलायचं सूप घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

“तितं का बसलाय? तिकडून ऊन लागतंय.”

“लागू दे.”

“आणि कुकरची शिट्टी झाली तर मला आत जायला अडचण हुईल की.”

“मी पाय घेतो मागं.”

तिनं माझ्याकडं एकदा विचित्र बघितलं, अंगात कसर आहे का बघतात तसं, आणि भिंतीकडच्या माझ्या खुर्चीवर बसली. आता ती माझ्या उजव्या हाताला होती. ऊन खरंच डोळ्यांत येत होतं. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे वाचायची सोयच नको. कोपऱ्यावरून एक सायकल गेली. शेंगा फुटायचा आवाज येत होता, एकेक, कुरकुरीत. बराच वेळ तेवढंच.

आणि मग ती बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, तसं माझ्याशीच, पण उत्तराची वाट न बघता, एखादी बाई देवापुढं वाती वळताना बोलते तशी. आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. गवार आज लई कोवळी मिळाली. कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या सुनेला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण खुशाल हायेत. पोरीचा फोन आला होता दुपारी माझ्या मोबाइलवर, तुमी ते कानाला लावून बसला होता म्हणून उठवलं न्हाई. तिच्या ऑफिसात तिला वरची जागा मिळाली. जावईबापू स्वयंपाक करायला लागलेत म्हणे, पोळ्या नकाशासारख्या होतात, पण करतात. गुडघा आज कमी दुखतोय, तेल लावलं होतं.

मी हललो नाही. हललो तर ती थांबेल असं वाटलं. ती बोलत होती. म्हणजे ती रोजच बोलत होती. या ओट्यावर, माझ्या डाव्या हाताला बसून, संध्याकाळमागून संध्याकाळ तिनं सगळं मला सांगितलं होतं आणि मी कडुनिंबाकडं बघत तिच्या अबोलपणाची काळजी करत होतो.

सुपातल्या शेंगा संपत आल्या तशी तिनं टरफलं गोळा केली आणि त्याच सुरात, काहीही तक्रार नसल्यासारखी म्हणाली, “तुमी तर काय बोलतच न्हाई आताशा. नोकरी सुटली की गड्यांचं व्हतं असं, आई म्हणायची. असू दे. शेजारी बसताय, तेवढं बास हाय.”

माझे डोळे भरून आले. उन्हानं, असं म्हणायची सोय होती, पण नकोच ते. मला रडू आलं.

मी डोळे पुसले आणि समोर बघतच विचारलं, “कधी मिळाली पोरीला वरची जागा?”

शेंगांचा आवाज थांबला. ती पूर्ण वळून माझ्याकडं बघत होती. मी मुद्दाम तिच्या ओठांकडं बघितलं नाही.

“ऐकलंत?” ती म्हणाली.

“आज ऐकलं. कालपर्यंतचं काहीच ऐकलं नाही,” मी म्हणालो. “डावा कान गेलाय माझा. तुझं सगळं त्या कानाकडून गेलं.”

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. हे गप्प बसणं खरं होतं, ते मला नीट ऐकू आलं. कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडं ओढली आणि पोरगी पुण्याला गेल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.