आत्या जेवत का नाही?

माझी आत्या खानावळ चालवायची. कारखान्याच्या फाटकासमोर दोन खोल्या, चार लांब बाकं आणि आत्याचा खणखणीत आवाज. "ए चष्मेवाल्या, लाजतोस काय, घे अजून!" असं ओरडत तिनं अख्खा कारखाना पोसला. पुढे कारखाना बंद पडला, खानावळही मिटली, आणि आम्ही तिला आमच्या घरी आणलं. म्हटलं, खूप राबलीस, आता आयतं बसून खा.

तर ही बाई खाईच ना! दोन घास घेतले की ताट सारायची. "पोट भरलं गं." कशानं भरलं? हवेनं? बघता बघता नुसती हाडं उरली. आमच्या डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून मी तिला मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "आजार काहीच नाही. पण अशाच राहिल्या तर फार दिवस काढणार नाहीत. यांना जेवू घाला."

वा रे वा! मग इतके दिवस मी काय करत होते?

रागारागातच तिला दवाखान्यासमोरच्या हॉटेलात नेलं. भलंमोठं दालन, भिंतभर आरसे, पांढरीशुभ्र टेबलं, आणि वाढायचा हात असा सढळ की बास. सूपचं अख्खं भांडंच ठेवून गेले. पाव संपायच्या आत दुसरी टोपली हजर. भाजलेला मासा परातीएवढ्या ताटात, भोवती बटाट्यांचा ढीग. इथे तरी हिची भूक खवळेल असं मला वाटलं.

आत्या हात मांडीवर ठेवून बसून राहिली. नजर मात्र दालनभर फिरत होती.

"त्या कोपऱ्यातल्या म्हातारबांना अजून काही मिळालं नाही बघ," ती म्हणाली.

"मिळेल. तू सूप पी."

"पिते गं. घाई काय आहे?"

सूप निवलं. मिशाळ वेटरनं ते नेऊन गरम करून आणलं. तेही निवलं.

"काकू, चव आवडली नाही का?"

"छान वास सुटलाय की!"

"मग?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी वेटरकडे, वेटरनं छताकडे. तो बिचारा आत जाऊन दुसरंच सूप घेऊन आला. माझं डोकं फिरलं.

"अगं, आता काय पाया पडू तुझ्या?"

आत्याचे डोळे भरून आले. "खरंच गं, घास उतरत नाही. मलाच कळत नाही मला काय झालंय."

मग मीही माझा चमचा खाली ठेवला. भीती वाटत होती, आणि कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

हळूहळू गिऱ्हाईक पांगलं. वेटर म्हणाला, "तुम्ही बसा निवांत. आम्ही तेवढ्यात जेवून घेतो." स्वयंपाकघराच्या दाराशी एका टेबलावर आचारी, भांडी घासणारी बाई, सगळे वेटर दाटीवाटीनं बसले.

आत्या ताठ झाली. "सगळे जेवून गेले का रे?"

"हो काकू. आता आम्हीच उरलो."

आत्या उठली, आपलं गार झालेलं ताट उचललं आणि तरातरा तिकडे गेली. "सरका जरा," म्हणाली आणि आचाऱ्याशेजारी बसली. आणि जेवली हो! मासा संपवला, बटाटे संपवले, आचाऱ्याला म्हणाली, "ते पातेलं इकडे कर, बघतोस काय?"

मी धावत गेले. "आत्या, अगं, मग घरी काय होतं तुला?"

ती चावता चावता थांबली. तिलाही ते आत्ताच उमगत असावं.

"खानावळीत सगळे उठले की मी बसायचे. तेव्हाच भूक लागायची बघ. घरी तुम्ही मला पहिलं वाढता. वर समोर बसून बघत राहता." तिनं घास गिळला. "असं पाहुण्याला वाढतात गं. पाहुणी किती दिवस जेवेल?"

मला रडूच फुटलं. "उद्यापासून तूच वाढ आम्हाला. आणि बस आमच्या मागून."

"बघू ते," आत्या म्हणाली. "आधी मला खाऊ दे."